शहादेवच्या ठरावाला अनुमोदन

चकलांब्याजवळच्या एका गावात शहादेव दूध संस्थेचा सचिव होता. म्हशी बायको सिंधुबाई बघायची, शेत भाऊ बघायचा, आणि आपण फक्त तोंड चालवतो, असं तो स्वतःच सांगे. त्याला मिरगी होती. सभेत वाचता वाचता नजर थिजायची, शब्द तोंडातच राहायचा. सचिव विचारात पडले असं समजून सभासद अदबीनं थांबत. आपली गणना विचारवंतांत होतेय हे कळल्यावर या शहाण्यानं पाच वर्षं दवाखाना टाळला.

दुष्काळात चारा छावणीवर झटका येऊन तो पाण्याच्या हौदात पडला, तेव्हा सिंधुबाईनं त्याला हाताला धरून शहरात नेलं. गोळ्यांनी भागेना, म्हणून ऑपरेशन ठरलं. मिरगीचं मूळ बोलण्याच्या जागेला खेटून होतं. कवटी उघडून त्याला जागं करणार, मेंदूच्या लहरी पडद्यावर बघत बारीक करंट देणार. करंट देताना बोलणं अडलं तर ती जागा सोडायची, नाही अडलं तर काढायची. वाचा गेली तर आपल्यात उरतं काय, या धास्तीनं शहादेव भुलीआधीच अर्धा बेशुद्ध झाला.

भूल देणाऱ्या अंजना मॅडमनी त्याला जागं केलं आणि सतत बोलत राहायला सांगितलं. त्याला ना गाणं येत होतं ना गोष्ट. त्यानं संस्थेच्या सभेतला ठराव सुरू केला. मोठ्या डॉक्टरांनी एका जागी करंट दिला. छावणीत पाण्याचा एक टँकर वाढवण्यात यावा, इथवर आला आणि गप्प झाला.

मोठे डॉक्टर म्हणाले, बोलणं इथंच आहे, ही जागा सोडू. पण करंट काढला तरी पेशंट गप्पच, आणि पडद्यावर झटक्याची खूण नाही. मॅडमनी वाकून विचारलं, काय झालं.

"ठराव मांडलाय, मॅडम. कुणी अनुमोदन दिल्याबिगर म्होरं कसं जावं?"

वीस वर्षांची सवय. डोकं उघडं पडलं तरी सचिव नियमानं चालला होता, आणि त्या नियमापायी रोग डोक्यातच राहिला असता. शहादेवला स्वतःची लाज वाटली. मॅडमनी हसत अनुमोदन दिलं. पुन्हा करंट दिला. आता तो अडखळला नाही. मग ती जागा काढली.

आता थांबा, परत झोपवते, असं मॅडमनी सांगितलं तरी तो थांबेना. थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, अशी त्याला भीती वाटत होती.

"मॅडम, माझं बोलणं समजतंय न्हवं?"

"समजतंय."

"मग सिंधूला सांगा. सकाळधरनं दाराशी उभी आसंल."