अंदमानच्या आधी विहीर

रविवारी सकाळी आम्ही चौघं देवगाव रंगारीला आमच्या शेतावर गेलो होतो. निमित्त होतं अंदमानचं... कसं ते सांगते.

माझी धाकटी बहीण सई अकरावीला आहे. मे महिन्यात ती मावशीकडे पुद्दुचेरीला गेली आणि येताना स्कूबा डायव्हिंगचं सर्टिफिकेट घेऊन आली. संभाजीनगरपासून समुद्र केवढा लांब... ते कार्ड शेजारच्या काकूंनीसुद्धा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. तेव्हाच ठरलं, जानेवारीत सगळ्यांनी अंदमानला जायचं.

प्लॅनिंग माझ्याकडे. मी काळजी करते म्हणून घरात असली कामं मलाच मिळतात. डाइव्हनंतर लगेच विमानात बसणं धोक्याचं, म्हणून शेवटचा डाइव्ह आणि परतीचं विमान यांच्यात पूर्ण एक दिवस मोकळा ठेवायचा, हे सईने एकदा सांगितलं आणि मी तीनदा तपासलं. सई स्वतः डाइव्ह करणार, मी आणि बाबा इन्स्ट्रक्टरसोबत थोडंसं खाली जाऊन येणार. आई बोटीवरच बसणार. मासे बघायला एवढं खाली कशाला जायचं, वर आल्यावर मला सांगा, असं तिचं म्हणणं.

अडचण बाबांची होती.

बाबा चिकलठाण्याच्या एका कंपनीत हवेचे कॉम्प्रेसर सांभाळतात, पण पोहायला शिकले आमच्या विहिरीत. त्यांच्या लहानपणी बुडी मारून तळाची माती मुठीत आणली तरच पोहता येतं असं गावात मानायचे. विहिरीत कुणाची घागर पडली की लोक बाबांनाच हाक मारायचे. आम्हा दोघींनाही त्यांनी तिथंच शिकवलं, आणि शिकवण एकच... श्वास धरून ठेवायचा, मग पाणी काही करत नाही.

मी ती पाण्याबाहेरही पाळत आले. इंजेक्शन, निकाल, इंटरव्ह्यू... सगळं श्वास धरून.

अंदमानचं ठरल्यापासून बाबा रोज सकाळी बादलीत तोंड घालून श्वास धरायचा सराव करत होते, मोबाइलवर वेळ लावून. आई आणि मी कौतुकाने बघायचो. सई त्या वेळी क्लासला असायची. एक दिवस क्लास बुडाला, तिने ते पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

स्कूबाचा पहिला नियमच हा, ती म्हणाली, की श्वास कधीही धरायचा नाही. धरून वर आलं तर फुफ्फुसाला इजा होते, जिवावरही बेतू शकतं. बाबा हसले. "मला नको शिकवू माय. तू जन्मायच्या आधीपासून बुड्या मारतोय मी."

बुकिंगच्या फॉर्मवर प्रत्येकाच्या नावापुढे टिक करायची होती... सूचना समजल्या आहेत आणि पाळल्या जातील. फॉर्म सोमवारी पाठवायचा होता. बाबांच्या नावापुढे मी खोटी टिक कशी करणार? शेवटी त्यांचं नावच काढून टाकलं. त्यांना सांगायची मात्र हिंमत होईना. फक्त सईला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, रविवारपर्यंत थांब. विहिरीवर जाऊ."

तर रविवारी मी दोर आणि हवा भरलेली ट्यूब घेऊन विहिरीच्या पायरीवर बसले. बाबांनी सूर मारला. पाणी हललं, मग हलायचं थांबलं... किती तरी वेळ. आणि मग आधी त्यांची मूठ वर आली. मुठीत काळी माती. लहानपणापासून बघतेय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

सई पाण्यातच होती. तिने वाद घातला नाही. आधी मनापासून म्हणाली, "भारी, बाबा." मग विचारलं, "तळाशी बसून फुगा फुगवला, तोंड बांधलं आणि सोडून दिला. वर येता येता त्याचं काय होईल?"

बाबांचा सगळा जन्म हवेच्या दाबाशी खेळण्यात गेलाय. "वर दाब कमी... फुगत जाईल," ते म्हणाले. आणि मग हळूच, "फुटंल."

"इथं तुम्ही श्वास वरून घेऊन जाता, म्हणून आजवर काही झालं नाही. तिथं तुम्ही तो खाली, टाकीतून घेणार."

बाबांनी मुठीतल्या मातीकडे पाहिलं. मग पाण्यातच मूठ उघडली. "मग वर कसं यायचं? दाखव माय."

सईने त्यांचा हात धरला. वर येताना तोंडाने सावकाश 'आ' करत राहायचं, हवा सुटत राहिली पाहिजे, एवढंच सांगितलं. दोघं खाली गेले.

आधी काहीच नाही... मग बुडबुडे. बारीक, एकसारखे, उन्हात चमकत वर येणारे. त्यांच्यामागून पाण्यातूनच बाबांचा आवाज, अगदी पुसट. विहीर स्वतःच श्वास सोडतेय असं वाटलं मला. मग दोन डोकी वर आली. बाबांच्या एका हातात सईचा हात, दुसरा हात उघडा.

वरून आईने विचारलं, "अहो, माती नाही आणली आज?"

बाबा म्हणाले, "आज शिकायला गेलो होतो."

समुद्र आम्ही अजून पाहायचाय. पण पन्नाशी उलटलेला माणूस आपल्याला सगळ्यात चांगली येणारी गोष्ट लेकीच्या शब्दावर सोडून देतो, हे मी पाहिलं... आणि तेही न रागावता. असा बाप आणि अशी बहीण मिळाली, याचं अजून नवल वाटतंय.

परतताना गाडीत मी बाबांचं नाव फॉर्ममध्ये परत घातलं आणि पुढे टिक केली.