साकित्सुच्या चर्चची प्रदक्षिणा

चर्चमध्ये गवताचा वास येतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर पटेल का? मलाही पटलं नसतं. पण दाराशी बूट काढून आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांत आधी जाणवला तो वासच. वाळत घातलेल्या पेंढ्यासारखा, उबदार, किंचित गोडसर. त्याच्या मागोमाग मेणाचा वास आला आणि अगदी मागून, उघड्या दारातून, समुद्राचा. वर उंच कमानी होत्या, रंगीत काचा होत्या, वेदीवर पांढरी फुलं होती. पायांखाली मात्र जपानी घरांत असतात तशा तातामीच्या चटया भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या, आणि काचांतून उतरलेलं निळं-तांबडं ऊन त्यांच्यावर शांतपणे पसरलेलं. शेजारी उभी असलेली आई पायमोज्यांतली बोटं हलवत म्हणाली, "हे बरंय बाई. देवाच्या घरात चपला घालून शिरायचं म्हणजे मला कसंतरीच होतं."

साकित्सु हे जपानच्या दक्षिणेकडच्या आमाकुसा बेटांवरचं एक लहानसं कोळ्यांचं गाव. आम्ही राहतो तोक्योच्या पूर्व भागात, फुनाबोरीत. माझ्या नवऱ्याचं, मंदारचं, ऑफिसचं काम कुमामोतो शहरात निघालं, तेव्हा मी आणि आई त्याच्या मागे शेपटासारख्या लागलो. सकाळी तो लॅपटॉपची बॅग घेऊन कामाला गेला आणि आम्ही दोघी एक दिवसाच्या सहलीच्या बसमध्ये जाऊन बसलो. जुनी गावं, जुनी चर्चं, मध्ये जेवण आणि संध्याकाळी परत. मला सातवा महिना होता. प्रवासाला डॉक्टरांची हरकत नव्हती. घरात हरकत होती ती आईची, आणि ती वेगळ्याच गोष्टीला होती.

येत्या रविवारी माझं डोहाळजेवण होतं. फुनाबोरीच्या मैत्रिणींनी सगळं ठरवलं होतं; कोण काय करून आणणार, फुलांचे दागिने कोण गुंफणार, झोपाळा कुठे बांधायचा. आई तर त्यासाठीच मिरजेहून आली होती. आणि आल्या दिवशीच तिनं शांतपणे जाहीर केलं होतं, की जेवण मी करीन, पुरण मी घालीन, पण ओटी मी भरणार नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. "आता मला चालत नाही. सुनेत्राला भरू दे," असं म्हणून तिनं आमच्या इमारतीतल्या सुनेत्रावहिनींचं नाव पुढे केलं. मी चिडले, रडले, हल्ली कोण मानतं असं म्हणून पाहिलं. ती लोकांना घाबरत असती तर मी तिला जिंकलंही असतं. पण एकदा भांडी विसळता विसळता ती पाठमोरीच म्हणाली, "तुझ्या बाळाच्या बाबतीत मला विषाची परीक्षा नाही घ्यायची." ज्या हातांनी मला न्हाऊ-माखू घातलं, त्या हातांचीच तिला भीती वाटू लागली होती, आणि माझ्या सगळ्या आनंदात तेवढं एक कुसळ रुतून बसलं होतं.

म्हणून तर तिला बाहेर काढलं. सहलीची बस ही एक मोठी गमतीची संस्था आहे. माणूस एकटा प्रवास करतो तेव्हा जगाचा भार त्याच्या डोक्यावर असतो. नकाशा, वेळ, स्वच्छतागृह, सगळ्याची चिंता. सहलीत तो पुन्हा बालवाडीत जातो. आमच्या मार्गदर्शक मोरीता-सान सत्तरीला टेकलेल्या, पांढरे हातमोजे घातलेल्या, हातात छोटासा पिवळा झेंडा. त्या झेंड्यामागे बसमधली तमाम निवृत्त मंडळी टोप्या सारख्या करत, एकमेकांना वाट देत निमूट चालायची. प्रत्येक पूल ओलांडताना मोरीता-सान त्याचं नाव सांगायच्या आणि सगळे पहिल्यांदाच पूल बघितल्यासारखा "ओऽ" असा सूर काढायचे. दोन पुलांनंतर त्या सुरात आईचाही सूर मिसळला. साडीवर माझं फुगीर जाकीट, डोक्याला कानटोपी आणि चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न पाहिलेलं कुतूहल. मी खिडकीबाहेरच्या बेटांपेक्षा तिच्याकडेच जास्त पाहत होते.

तर चर्च पाहून झालं. मोरीता-सानांनी सांगितलं, आता पाच मिनिटं मोकळी, मग बाहेर जमू या. मी बुटांच्या बंदाशी झगडत होते, कारण सातव्या महिन्यात स्वतःचे पाय हा दूरचा प्रदेश होतो. मान वर करते तो आई नाही. ती हात जोडून, ओठांत काहीतरी पुटपुटत चर्चच्या उजव्या हाताच्या बोळात शिरत होती. देवदर्शन झालं की प्रदक्षिणा, हे तिच्या पायांनाच ठाऊक. देव कुठला, हे पाय कुठे विचारतात! गंमत पुढेच होती. बाहेर रेंगाळणाऱ्या सहप्रवाशांना वाटलं, पुढचा कार्यक्रम तिकडे असावा. एक आजोबा निघाले, त्यांच्यामागे त्यांची बायको, मग छत्रीवाल्या दोघी, आणि पाहता पाहता सगळी बस रांगेनं, शिस्तीत, माझ्या आईच्या मागे चर्चला प्रदक्षिणा घालू लागली. सर्वांत शेवटी झेंडा उंच धरून, धापा टाकत मोरीता-सान.

फेरी पुरी करून आई पुढच्या दारी आली, वळून पाहिलं तर मागे ही पालखी. तिनं मला विचारलं, "हे का आलेत?" मी पोट धरून हसत होते, मला सांगता येईना. शेवटी मोरीता-सानांना मी खुलासा केला, की आमच्याकडे देवाभोवती असं फिरून मग निरोप घेतात. त्यांनी सगळ्यांना ते सांगितलं. कुणीही कपाळाला आठी घातली नाही. उलट सगळ्यांनी चर्चकडे वळून वाकून नमस्कार केला, फेरी घातलीच आहे तर ती रीतसर संपवावी म्हणून. छत्रीवाल्या दोघींनी आईकडे पाहून हातही जोडले.

मग समुद्राकाठच्या धक्क्यावर उभं राहून मोरीता-सानांनी गावाची कथा सांगितली आणि मी ती तुकड्यातुकड्यानं आईला मराठीत देत गेले. एके काळी इथे हा धर्म पाळायला बंदी आली. पाद्र्यांना हाकलून दिलं, काहींना मारलं. आज जिथे वेदी आहे तिथे तेव्हा गावच्या मुखियाचं घर होतं. तिथे दरवर्षी गावकऱ्यांना बोलावून, धर्म सोडल्याची खूण म्हणून मेरीच्या, येशूच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावत. लोक पाय देत, घरी जात आणि रात्री देवाची क्षमा मागत. शिंपल्याच्या आतल्या चकाकत्या रेषांत त्यांनी मेरीचं रूप पाहिलं आणि तो शिंपला जपून ठेवला. सात-आठ पिढ्या असं चाललं. पाद्री नाही, पोथी नाही, विचारायला कुणी नाही. आठवेल तशी प्रार्थना आईनं मुलीला शिकवायची.

मोरीता-सान याच गावच्या लेक. त्यांच्याच घरात हे सगळं चालत आलेलं, पण आवाजात कुठे अभिनिवेश नव्हता. आपल्याकडे गौरी कशा बसवतात ते सांगावं, तसं सांगत होत्या.

आई मला म्हणाली, "त्यांना विचार, मूल झालं की त्याचं काहीतरी करतात ना, डोक्यावर पाणी घालतात? ते कोण करायचं?"

मी विचारलं. मोरीता-सान म्हणाल्या, "गावात एक माणूस नेमलेला असायचा. बहुधा पुरुषच."

"आणि तो नसला तर? वादळबिदळ असेल, नाहीतर पहारा असेल?"

मोरीता-सानांनी क्षणभर पाण्याकडे पाहिलं. "माझी आजी म्हणायची, अशा वेळी बाळाजवळ जी असेल तिनं घालायचं."

"जी असेल ती? कोणीही?" आईनं माझा दंड धरला. "विचार ना. विधवा असली तरी?"

हा प्रश्न जपानीत नेताना माझी जीभ अडखळली. मोरीता-सानांना तो कळायला थोडा वेळ लागला. विधवेचा आणि पाण्याचा काय संबंध, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग त्या आईकडे वळल्या आणि माझ्या मध्यस्थीची वाट न पाहता, तिला "ओकासान", म्हणजे आई, अशी हाक मारून हळू आणि सोप्या जपानीत म्हणाल्या, "कोळ्यांचं गाव. नवरे समुद्रात जायचे. पुष्कळ जणी विधवाच होत्या." मी भाषांतर केलं. आईनं मान हलवली आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

बसमध्ये ती डोळे मिटून बसली. मी विचार करत राहिले. आम्ही परदेशी राहणारी माणसंही काय करतो? दूर्वा मिळाल्या नाहीत तर नदीकाठचं गवत वाहतो, गुरुजी व्हिडिओ कॉलवर आणि नेटवर्क गेलं की उरलेला मंत्र मनानं. आमच्यावर पहारा नाही, आमची फक्त गैरसोय आहे. त्या गावानं सोसलं त्याच्याशी तुलना करायचं धाडस मी करणार नाही. तरी मला वाटतं, विधी टिकतो तो नियमाच्या काटेकोरपणानं कमी आणि आपलं माणूस तसंच कोरडं राहू नये या कळकळीनं जास्त. शास्त्र ज्यांनी लिहिलं, त्यांच्याही मनात प्रथम ही कळकळच आली नसेल का?

परतीच्या वाटेवर एका रस्त्याकाठच्या बाजारापाशी बस थांबली. तिथे शेतकरी आपापला माल आणून ठेवतात. मी बाकावर बसून राहिले. आई एकटीच आत गेली, जपानीचा एक शब्द येत नसताना, आणि कागदी पिशवी भरून परत आली. मिरजेच्या मंडळींसाठी काही घेतलं असेल, असं मला वाटलं. बस सुटली, समुद्र पुन्हा खिडकीत आला.

"ओढणी पसर," आई म्हणाली.

"काय?"

"ओढणी पुढे धर गं. पदर नाहीये ना तुला."

पिशवीतून आधी निघाली तांदळाची छोटी थैली. मग तेनुगुई, जपानी सुती पंचा. लाल, त्यावर पांढरे मासे. शेवटी एक भलंमोठं संत्रं, इथे त्याला देकोपोन म्हणतात, देठाशी फुगीर बोंड असलेलं. आईनं ते मला नीट फिरवून दाखवलं. "हे बघ, शेंडी आहे याला. नारळाच्या जागी चालेल."

पहिली मूठ माझ्या ओढणीत पडली, दुसरी पडली. काही दाणे सीटखाली घरंगळले. पलीकडच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं, काही न विचारता वाकले, खालचे दाणे बोटांनी टिपून आपल्या तळहातावर घेतले आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरले. आईनं तेही घेतले आणि माझ्या ओटीत घातले. मला फार रडू आलं. बाळानं आतून जोरात पाय मारला, आणि आईनं तांदळाचा हात तसाच माझ्या पोटावर ठेवला. त्या हाताची मी किती दिवस वाट पाहत होते, कोण जाणे.

"रविवारी परत करायचं?" मी नाक पुसत विचारलं.

"म्हणजे काय! हे आपलं दोघींचं झालं," आई म्हणाली. "सुनेत्राला सांग, भर म्हणावं. पण पहिली मी भरणार."