प्रिंटरचा ड्रायव्हर

चूक माझी होती. मोर्शीच्या कचेरीतल्या कंप्युटरवर जागा करायची म्हणून प्रिंटरच्या ड्रायव्हरचं, म्हणजे कंप्युटरला प्रिंटरची ओळख करून देणाऱ्या प्रोग्रामचं फोल्डर मीच डिलीट केलं. दुसऱ्या दिवशी पीक नुकसानीच्या याद्या छापायच्या होत्या आणि प्रिंटर हलेना. साहेबांना मी सांगितलं, मागच्या आठवड्यात मेकॅनिक येऊन गेला, त्यानंच बिघडवलं.

साहेबांनी बोलावल्यावर तो मेकॅनिक त्याच दिवशी अमरावतीहून एसटीनं उभ्यानं आला.

"काहून बे, दुरुस्त कराले येतं का बिघडवाले?" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सीड्या काढल्या. डिलीट केलेल्या फायलींचा रिसायकल बिन उघडल्यावर त्याला ते फोल्डर दिसलं, कालच्या तारखेला उडवलेलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"प्रिंटर चांगला आहे भाऊ," तो हळूच म्हणाला. "कंप्युटरले तसं सांगणारा कोणी रायला नाई, एवढंच."

याद्या छापून झाल्या. मी त्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. साहेबांनी त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. कचेरीचं काम त्याच्या हातून गेलं.

बऱ्याच वर्षांनी तो अकोल्याच्या बसस्टँडवर दिसला, तशीच पिशवी मांडीवर घेऊन पेंगत बसलेला. तो जागा होईपर्यंत मी शेजारी बसून राहिलो. मग म्हणालो, "मोर्शीचं ते फोल्डर मी उडवलं होतं, भाऊ. तेव्हाच साहेबांसमोर सांगायला हवं होतं. मला माफ करा."