कालवोरींच्या पश्चात सुना-नातवंडे असा परिवार

नगरमध्ये कोणाचा सत्कार ठरला की पहिला फोन मांडववाल्याला जातो आणि दुसरा सावेडीच्या शरच्चंद्र निसळ सरांना. मांडववाला निदान मोजून कापड लावतो. सर विशेषणं लावताना हात आखडत नाहीत. मराठीचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले, पण मानपत्रं आणि श्रद्धांजल्या लिहिण्यातून त्यांची सुटका नाही. त्यांच्या लेखणीखाली पतसंस्थेचा चेअरमन दानशूर होतो, ग्रामसेवक अजातशत्रू होतो, आणि गेलेला माणूस हयातीत साऱ्या गल्लीशी भांडलेला असला तरी मनमिळाऊ होतो.

"मी म्हणजे भाड्याचं कौतुक," सर स्वतःच सांगतात.

"भाडं कुठलं आलंय? शाल मिळते," सुचित्राबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, दुरुस्ती करतात. "कपाटात माझ्या साड्यांना जागा नाही."

साठीनंतर सरांनी व्हायोलिन शिकायला घेतलं. त्यातून जो आवाज निघे, त्यात आपला दोष कमी आणि बनवणाऱ्याचा जास्त, असा त्यांना दाट संशय होता. म्हणून एका दुपारी व्हायोलिन बनवणाऱ्यांची माहिती शोधता शोधता ते मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात शिरले. तिथे भेटला बार्तोलो कालवोरी, तीनशे वर्षांपूर्वीचा इटालियन कारागीर. त्याच्यावर दीड ओळ आणि खाली सूचना: हा लेख अपूर्ण आहे, यात भर घाला.

सरांना ते आग्रहाचं निमंत्रण वाटलं. मानपत्र एकदा फ्रेममध्ये गेलं की ते कोणी वाचत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आयुष्यात लिहिलेलं एक तरी पान टिकावं, कोणीतरी ते शेवटपर्यंत वाचावं, एवढीच हाव उरली होती. ती इथे भागेल असं वाटून त्यांनी बाह्या सरसावल्या.

कालवोरी गरिबीतून वर आले, त्यांनी निर्जीव लाकडाला कंठ दिला, ते शिष्यांचे आधारवड झाले आणि अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. शेवटी हाताच्या सवयीने हेही उतरलं: 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.'

दुसऱ्या दिवशी लेखाच्या चर्चापानावर रुचा नावाच्या संपादिकेनं लिहिलं होतं: 'सर, आजार कोणता? कालवोरी अविवाहित होते. आणि परिवार अजून आहे? विश्वसनीय संदर्भ न मिळाल्यास लेख वगळावा लागेल.'

सुचित्राबाईंनी चष्मा लावून ते वाचलं. "नगरमध्ये बसून इटलीतल्या ब्रह्मचाऱ्याचं लग्न लावलंत?"

"मुलगेही झाले," सर म्हणाले. "सुनासुद्धा चांगल्या घरातल्या पाहिल्या होत्या."

म्हणाले खरे, पण पान जाणार हे त्यांना लागलं होतं. मग शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी एका संग्रहालयाचा इंग्रजी कॅटलॉग पालथा घातला. त्यात कालवोरीचं गाव मिळालं, हयातीतली काही सालं मिळाली, शिल्लक राहिलेल्या दोन व्हायोलिनांची नोंद मिळाली. आणि एक खोट मिळाली. दोन्ही वाद्यांच्या माथ्यावरची कोरीव वेटोळी एका अंगाला कललेली होती. जाणकार त्यावरूनच त्याचा हात ओळखत, असं तिथे म्हटलं होतं.

आता आली पंचाईत. आजवर सरांनी कोणाची खोट लिहिली नव्हती. मेलेल्या माणसाचं व्यंग चव्हाट्यावर मांडायचं?

तेवढ्यात सोनईहून अजिनाथचा फोन आला. हा बागायतदार आप्पासाहेबांचा उजवा हात.

"सर, साहेबांची पंचाहत्तरी हाय. मानपत्र लागतंय. दानशूर तेवढं टाका."

सरांना रुचाचा चटका ताजा होता. "कोणाला काय दिलं त्यांनी?"

"हे कधीपासून इचारायला लागला तुमी?"

"बरं, त्यांची एखादी वाकडी गोष्ट सांग. खरी."

"एकच सांगू का सगळ्या?" अजिनाथनं आवाज खाली घेतला. "साहेब शेजारच्या खोलीत हायत. पन सर, तुमी कशाला डोकं शिणवता? मागं साहेबांचा आन त्यांच्या व्याह्यांचा एकदमच सत्कार झाल्ता ना, तवा फ्रेमी बदलल्या. व्याह्यांचं मानपत्र आमच्या हॉलात लागलंय. अजून कुनाच्या ध्यानात आलं न्हाई."

सरांनी फोन ठेवला. पोट धरून हसले. मग त्यांनी ज्ञानकोश उघडला आणि एकेक विशेषण खोडायला घेतलं. आधारवड पडला, कंठ गेला, सुना माहेरी गेल्या. उरल्या कॅटलॉगमधल्या माहितीच्या चार कोरड्या ओळी. त्यांच्याखाली सरांनी मन घट्ट करून पाचवी लिहिली, कललेल्या वेटोळीची, संदर्भासकट.

रुचाचं उत्तर आलं: 'धन्यवाद, सर. लेख राहील.'

सरांनी मोबाईल सुचित्राबाईंपुढे धरला. इतक्या वर्षांत नवऱ्याचं एकही मानपत्र त्यांनी दुसऱ्या विशेषणापलीकडे वाचलं नव्हतं. 'सन्माननीय' आलं की त्यांना स्वयंपाकघरात काम निघे. आज त्या पाचही ओळी वाचून गेल्या, शेवटच्या ओळीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "डावीकडे कललेली की उजवीकडे?"

सरांना ते माहीत नव्हतं. ते कॅटलॉग पाहायला उठले.