दोन घरची पाखरं

प्रभाकाकी कुणाच्याही घरी गेली की खुर्चीत बसायच्या आधी विचारायची, "तुझ्या आवशीचा म्हायार खंयचा?" आईचं माहेर कळलं की डोळे मिटून मनातल्या मनात दोन पिढ्या मागे जायची आणि एखादं नातं शोधून काढल्यावरच चहाला हात लावायची. काका होडी घेऊन समुद्रावर, काकी सोयरिकी जुळवत गावोगाव. पैसे ती घेत नसे. उलट प्रत्येक जोडप्याला लग्नात एक पिंजरा द्यायची, आत पांढऱ्याशुभ्र लव्हबर्डची जोडी. तिच्याच पडवीत वाढलेली.

आम्ही मालवणात तिच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते. शिक्षण इंग्रजी शाळेत. मालवणी समजायची, पण बोलायला जीभ वळत नसे. म्हणून पिंजऱ्यांपाशी जाऊन बसायचे. "ह्या चेडू बोलना नाय, पन पाखरांका बरा वाटता," असं काकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

दुसऱ्या वर्षी पिल्लं बिघडू लागली. माना वाकड्या, नजर सारखी वर, दांडीवर बसली की तोल जाऊन खाली. काही तर घरटं म्हणून टांगलेल्या मडक्यातून बाहेरच आली नाहीत. खायला घालायच्या राळ्याला बुरशी आली असेल म्हणून काकीने ते उन्हात वाळवलं. ओल असेल म्हणून बल्ब लावला. हाडं कच्ची राहतात म्हणून किनाऱ्यावरून समुद्रफेस, म्हणजे माकुलाचं हाड, वेचून आणून टांगला. गुरांचे डॉक्टर थेंब देऊन गेले. मीठ-मिरच्याही ओवाळून झाल्या.

अशात कुडाळची एक सासू पिंजरा घेऊन दारात उभी राहिली. आत एकच पाखरू, तेही मान मुरगळलेलं.

"माझ्या सुनेक दिवस गेलेत. ह्या असला घरात नको," ती म्हणाली. "तू जमवलेली लग्नाय अशीच काय गो?"

काकीने पिंजरा तिच्या हातून काढून घेतला. ही गोष्ट पसरली आणि चालू असलेली बोलणी थांबू लागली. लोक हसून टाळायचे, पण टाळायचे.

पावसाळ्यानंतर दोडामार्गचे एक गृहस्थ मुलासाठी स्थळ विचारायला आले. मुलगी त्यांनी पाहून ठेवलेलीच होती, काकीने फक्त शब्द टाकायचा होता. काकीने डोळे मिटले.

"तुमच्या झिलाची आजी आनि त्या चेडवाची आजी सख्खे भयनी. जमाचा नाय."

"इतक्या मागचा आता कोन बघता?"

"मी बघतंय. एकाच घरातला रगत परत परत मिसळला काय—"

ती थांबली. तिची नजर पिंजऱ्याकडे गेली. पांढरा रंग टिकावा म्हणून वर्षानुवर्षं ती एकाच मडक्यातली पिल्लं एकमेकांशी जोडत आली होती. तिने कपाळावर हात मारला.

"गे बाये! भाव-भयनींची लगना लावन आहेर केलंय मी!"

गृहस्थ दचकून उठले. "कोनाची?"

"बसा तुमी. तुमची न्हय."

त्याच आठवड्यात ती मला घेऊन कुडाळच्या बाजारात गेली. एक धट्टाकट्टा हिरवा नर निवडून विक्रेत्याला विचारू लागली, "ह्येची आवस खंयची?"

"काकी, पाखरू होया काय जावय?" विक्रेता हसला.

"दोनय."

घरी येऊन तिने त्याला आपल्या पांढऱ्या मादीजवळ सोडलं. पांढरा रंग आता जाणार, हे तिला कळत होतं. आणि गेलाच. पिल्लं झाली ती झाडून सगळी हिरवी. पण माना सरळ, पंखांत जोर, आणि पडवीत कान किटतील असा कलकलाट.

बाहेरून आणखी पाखरं आणून तिने नवी जोडी लावली आणि ती कुडाळच्या त्याच घरी नेऊन दिली. सासूच्या मांडीवर नातू होता. "पांढरी नाय हाडलंस?"

"नाय. ही जगतली."

सासूने पिंजरा खुंटीला टांगला. थांबलेली बोलणी हळूहळू पुन्हा सुरू झाली.

पुढे माझ्यासाठी इन्सुलीचं स्थळ तिनेच आणलं. मी सावळी. मुलाच्या आईने बाहेर हळूच विचारलं, "चेडू गोरा आसा मा?"

"रंगाचा माका इचारू नकात," काकी म्हणाली. "रंगान माझी मडकी रिकामी केल्यान."

स्वयंपाकघरात पोह्यांच्या बशा भरता भरता मला हसू आवरेना. ते बाहेर ऐकू गेलं, आणि बाहेरही कुणीतरी हसलं. मुलगा होता, असं काकीने नंतर सांगितलं.

लग्नात आम्हाला पिंजरा मिळाला. दोन्ही पाखरं हिरवीगार. तो हातात देताना ती माझ्या कानाशी वाकली. "दोन घरची आसत. मी इचारून घेतलंय."