भाऊजींनी पारखलेला पट्टा

कोणत्याही वस्तूतून एक चिमूट ओढून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो, असं मानणारा माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. भाऊजी मलकापूरला कापूस खरेदी केंद्रावर तीस वर्षं ग्रेडर होते. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस बाहेर काढायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि डोळे मिटून त्याची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर काम सुटलं, अंगठे काही स्वस्थ बसले नाहीत. पाहुणे म्हणून गेले तर उशीतून रुई ओढतात, दवाखान्यात गेले तर नर्सच्या हातातल्या बोळ्यातून. खोड तशी जुनीच. माझ्या लग्नात त्यांनी बैठकीच्या गादीतून अशीच चिमूट काढली आणि माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "गादीत कवडी भरली हाय, पोरगा मात्र बरा दिसते." कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. त्यानंतर वर्षभर माझे सासरे त्या गादीवर बसण्याआधी तिच्याकडे एकदा रोखून बघत असत.

त्यांचा दुसरा नियम याहून कडक. एकदा ग्रेड लावला की तो बदलायचा नाही. जानेफळहून त्यांच्या सख्ख्या भावाची गाडी आली होती, तिला त्यांनी सगळ्यांसमोर दुय्यम ठरवलं. त्या दिवाळीत भाऊ घरी आला नाही. भाऊजींनी फराळाचे दोन डबे पाठवले, ग्रेड मात्र तिथंच ठेवला. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ताईच्या वरणालाही ते दुय्यम म्हणून गेले. अडतीस वर्षं झाली, ताई तेच वरण करते, भाऊजी दोन वेळा मागून खातात, आणि ते वरण अजून दुय्यमच आहे.

अशा माणसाच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्टेंट बसवली. मी मेडिकल चालवते. हृदय म्हटलं की मला गोळ्यांची पट्टी आठवते, त्यामुळे मी फारशी घाबरले नाही. ताई घाबरली आणि घाबरली की ती कुलपं लावते. पहिलं कुलूप सायकलीला लागलं. भाऊजींचा जुना नेम होता, की खरेदीचा हंगाम संपला की एका रविवारी सायकलनं राजूरचा घाट चढून बुलढाण्याला जायचं. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, "हंगामभर दुसऱ्याचा माल पाहतो. एक दिवस आपला पाहतो." दोन हंगाम गेले, सायकल ओसरीत चादरीखाली उभी राहिली. या फाल्गुनात मात्र त्यांनी डॉक्टरांनाच गाठलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि परवानगी दिली. व्यायाम करा, घाटही चढा, पण थांबत थांबत, आणि नाडीचे ठोके मिनिटाला एकशे वीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. भाऊजी म्हणाले, त्यात काय, अंगठ्यानं मोजीन. तेव्हा ताईनं प्रश्न केला की दोन्ही हात हँडलला असताना अंगठा कुठून आणणार. आणि शेवटचं सांगितलं, "मशीन घ्या. पण आकडा मले दिसला पाहिजे. तुमच्या तोंडून नको."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भाऊजी मला दुकानातून उठवून मोबाईलवाल्या चाचांकडे घेऊन गेले. चाचा साठीचे, शांत, बाजारपेठेतले जुने व्यापारी. त्यांनी काचेतलं एक घड्याळ काढून समोर ठेवलं. भाऊजींनी त्याला हातसुद्धा लावला नाही.

"वरतून तं कोणीबी चांगलाच माल ठेवते, चाचा. अंदरचा काढा."

चाचांनी आतले खोके काढले. भाऊजींनी सगळ्यात खालचे तीन उचलले, दोन घड्याळं आणि एक छातीला बांधायचा पट्टा. पहिलं घड्याळ त्यांनी मनगटावर बांधलं, चौऱ्याऐंशी आकडा आला. मी नाडी मोजली, तीही चौऱ्याऐंशी. दुसऱ्या कोणी तिथंच पिशवी मागितली असती. भाऊजींनी घड्याळ सोडलं, शेजारच्या हातगाडीवर गेले आणि एका दुधी भोपळ्याला बांधलं. घड्याळानं थोडा विचार केला आणि बहात्तर दाखवले. भाजीवाली घाबरून म्हणाली, मी तो विकू की नको. भाऊजींनी तिला समजावलं, की दुधीची तब्येत त्यांच्यापेक्षा उत्तम आहे, बिनधास्त विक. घड्याळ मात्र कवडीत गेलं.

दुसरं घड्याळ जास्त शहाणं होतं, दुधीवर गप्प राहिलं. मग भाऊजींनी खुद्द चाचांची सायकल मागितली आणि बाजारपेठेतून वेगानं चार फेऱ्या मारल्या. उतरल्याबरोबर मी पंधरा सेकंद नाडी धरली, हिशेबानं एकशे आठ निघाले. घड्याळ ब्याऐंशीवर अडलेलं. मूठ हँडलवर आवळली की मनगटाखालचा तो हिरवा दिवा गोंधळतो, असं चाचांनी प्रामाणिकपणे सांगितलं. भाऊजी बाकावर बसून चहा प्यायले, नाडी उतरून नव्वदवर आली, आणि तेव्हा कुठं घड्याळात एकशे आठ उगवले. "हे शिळ्या बातम्या देते," भाऊजी म्हणाले. दुय्यम.

राहिला पट्टा. तो आतल्या बाजूनं पाण्यानं ओला करून उघड्या छातीवर घट्ट बांधायचा, आणि आकडा दिसणार दुसऱ्याच्या मोबाईलवर. चाचांच्या पडद्याआड जाऊन भाऊजी तो बांधून आले, सदऱ्याची बटणं एक घर चुकलेली. आम्ही बसून मोजलं, पळवून मोजलं, जिना चढवून मोजलं. दर वेळी माझी बोटं आणि मोबाईल एकच बोलले, फार तर एखाददुसऱ्या ठोक्याचा फरक. तोवर दुकानापुढं वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि माझा आकडा आधी येतो की मोबाईलचा, यावर त्यांच्यात दोन तट पडले होते. मला माझंच नवल वाटलं, मीही जिंकायला बघत होते. शेवटी भाऊजींनी पट्ट्याची कड अंगठ्यात धरून ओढली, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "अव्वल."

चाचांनी कपाळ पुसलं. "साहब, मी बहू पाहाले गेलो होतो, तेव्हाबी एवढं नाई पाहालं."

पट्ट्यात एकच खोट होती. मोबाईल दहा-बारा पावलांच्या आत असला तरच आकडा दिसतो, दूर गेला की पडद्यावर नुसत्या दोन आडव्या रेघा. म्हणून रविवारी पहाटे सायकल मालवाहू रिक्षातून राजूरपर्यंत आली. मलकापूरपासून चालवायची नाही, ही ताईची अट. पुढं भाऊजी, मागं माझी स्कुटी, आणि माझ्या मागं मोबाईल धरून ताई. घाटात पळस फुलला होता. त्याच्याकडे बघायला कोणालाच वेळ नव्हता, कारण ताईनं मार्केट यार्डातल्या हर्रासासारखा पुकारा सुरू केला होता. "एकशे चार. एकशे नऊ. एकशे बारा." शेजारून एसटी गेली तर खिडक्यांतल्या माणसांनी माना बाहेर काढल्या. एका ट्रकवाल्यानं वेग कमी करून मला विचारलं, ताई काय विकून राह्यल्या.

तिसऱ्या वळणावर एकशे वीस झाले. ताई ओरडली, उतरा. भाऊजी आणखी दोन पायडल मारून उतरले. घामानं निथळत होते, तरी म्हणाले, "मशीन चार-पाच जास्त सांगून राह्यली."

"तुम्हीच अव्वल म्हणलं होतं," ताई म्हणाली.

त्या माणसानं सख्ख्या भावासाठी ग्रेड बदलला नव्हता, स्वतःसाठी कसा बदलणार. त्यानंतर ते एका शब्दानं भांडले नाहीत. एकशे वीस आले की उतरायचे, पंच्याण्णव होईपर्यंत कठड्याला टेकून उभे राहायचे आणि पुन्हा टांग टाकायचे. असे पाच वेळा उतरले. पूर्वी हाच घाट ते एका दमात चढायचे. पाचव्या वेळी कॉलेजातली दोन पोरं सायकलवरून शिट्टी वाजवत पुढं गेली, तेव्हा भाऊजींनी मान वळवून दरीकडे पाहिलं. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिथून पुढं तिनं आकडे मोठ्यानं म्हणणं बंद केलं, नुसतं पडद्याकडे बघत राहिली.

माथ्याआधीचं शेवटचं वळण आलं तेव्हा चढ मऊ झाला होता. भाऊजींनी मागं न बघता विचारलं, "किती?"

पडद्यावर एकशे सहा होते, आणि उतरत होते. "बराबर हाय," ताई म्हणाली. "चाला तुम्ही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "गाडी हळू कर."

मी म्हटलं, अंतर वाढलं तर आकडा जाईल.

"मले माहीत हाय."

मी ब्रेक दाबला. सायकल पुढं जात राहिली, पंधरा पावलं, वीस पावलं. मला आरशात ताईचा चेहरा दिसत होता आणि पाठीवर तिचा श्वास लागत होता. एकशे चार, एकशे तीन, आणि मग दोन रेघा. तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. भाऊजी वळणाआड गेले. थोड्या वेळानं वरून सायकलची घंटी वाजली, लांबलचक, पुन्हा पुन्हा. घंटी वाजवून बाजूला सारावं असं रस्त्यावर कोणीच नव्हतं.