येळवशीच्या दिवशी सात विहिरी

"येळवशीला ये, पण रिकाम्या पोटानं ये," रेखानं फोनवर बजावलं. रेखा म्हणजे माझी नांदेडच्या हॉस्टेलची रूममेट. माहेर नायगावचं, सासर किल्लारीजवळच्या एका गावात. बारा वर्षं बोलावतेय आणि बारा वर्षं मी काही ना काही कारण काढतेय. यंदा म्हटलं, पुरे झाली नाटकं. शिकवणीच्या मुलांना सुट्टी देऊन टाकली आणि पिशवी भरली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूरकडे घरात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, बांधायची, पूजा करायची आणि मग दिसेल त्याला ओढून जेवायला बसवायचं. त्यामुळे सल्ला एकच, आदल्या दिवशी पोहोचा. सणाच्या दिवशी लातुरात हॉटेलं बंद, रस्ते ओस. चहासुद्धा मिळायची मारामार.

मी जाताना मुद्दाम वाकडी वाट केली, कंधारची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, मग काय घाबरायचं! किल्ल्याच्या खंदकात अजून पाणी आहे आणि गावाबाहेर राष्ट्रकूटांच्या वेळचा तलाव. एवढ्या वर्षांपूर्वी पाणी अडवायची अक्कल होती, आणि आपण? मी असं तावातावानं बोलत होते, तर चहावाला म्हणाला, "ताई, तळ्यात पाणी हाय तवर माझी टपरी हाय. चहा घ्या, गार व्हायलाय." मी चहा घेतला. फार चांगला होता, आल्याचा.

लोह्याला परत येऊन लातूरची बस धरली आणि पुढे औशावरून जीपनं संध्याकाळी गावात. गावाचं नाव सांगणार नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही सगळे जाऊन येळवशीची भज्जी, म्हणजे मिश्र दाण्यांची भाजी, संपवाल. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, रुंद रस्ते, एकसारखी घरं. रेखाच्या सासूबाईंनी दारातच हातावर पाणी दिलं. सासरे, म्हणजे रेखाचे मामा, तेवढे घरी नव्हते. "रानात हायत, कोप बांधायलेत," सासूबाई म्हणाल्या.

रात्री धपाटे खाताना रेखानं खरी गोष्ट सांगितली. ती गावातल्या विहिरींचं पाणी मोजते. गावसभेत ठराव झालाय: सात विहिरींच्या आतून लाल पट्टी मारायची. येळवशीला पाणी पट्टीच्या वर असेल, तर त्या मालकानं खुशाल ऊस लावावा. खाली असेल तर उशिरा का होईना हरभरा, जोंधळा. उसाची तहान भागवता भागवता गावाचा नळ कोरडा पडतो, म्हणून ही युक्ती. मागच्या वर्षी सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ऊस लावला. एप्रिलमध्ये टँकर.

"मग यंदा?"

"यंदा कुणी ऐकलं नाही तर ठराव गेला चुलीत. आणि सगळे एकच म्हणायलेत, तुझ्या मामाची विहीर मोजशील तेव्हा बघू." ती हळूच म्हणाली, "मामांनी बेणं आणून टाकलंय गं विहिरीपाशी. लावायचं ऊस-बेणं. मोळ्याच्या मोळ्या."

आता मला कळलं हिला जेवण का जात नव्हतं.

सकाळी निघालो. तिच्या हातात टोकाला वजन बांधलेला टेप, माझ्या हातात वही. येळवशीलाच का मोजायचं, तर विहिरीचं खरं पाणी कळायला मोटार बंद हवी. एरवी सात शेतकऱ्यांना एकाच दिवशी मोटार बंद करा म्हणून बघा बरं! येळवशीला सांगावंच लागत नाही, आणि प्रत्येक मालक आपापल्या बांधावर हजर. किती साधी गोष्ट, पण डोकं लागतं हो. मला माझ्या मैत्रिणीचा असा अभिमान वाटला की विचारू नका.

अडचण एकच. जेवल्याशिवाय कुणी विहिरीकडे जाऊ देईना. पहिल्या रानात तुरीच्या, हरभऱ्याच्या, वाटाण्याच्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, वर लसूण घातलेली आंबील. स्वर्ग! दुसऱ्या रानात तेच, शिवाय शेंगदाण्याची पोळी. तिसऱ्या रानात मी म्हटलं, पोट भरलं. तर म्हातारी म्हणाली, "येळवशीच्या पाव्हण्याचं पोट भरतंय व्हय? का आमच्या कोपीत काटे हायत?" बसले परत. चौथ्या विहिरीपर्यंत मी वहीत आकडे लिहिताना ढेकर देत होते. (बूट घालून जा. काळ्या मातीत चप्पल तिथंच राहते, माझी राहिलीच.)

सहा विहिरी झाल्या. दोन पट्टीच्या वर, चार खाली. खालच्या चौघांपैकी कुणी भांडलं नाही. फक्त हसले आणि म्हणाले, "चला, आम्ही बी येतो मामाच्या रानात." सरपंचांसकट मागे वरातच लागली. रेखानं पदर दोनदा सारखा केला.

मामा वाटच बघत होते. पांढरं धोतर, कपाळाला गंध, तोंडभर हसू. "ये ये, मोज मोज! देवाच्या कृपेनं हिर भरलीय."

आम्ही वाकून बघितलं. खरंच की! पाणी लाल पट्टीच्या वीतभर वर. मला तर हुश्श झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "मामाचं नशीबच न्यारं."

रेखा मात्र वाकलेलीच. तिनं टेप आत सोडलाच नाही. शेजारची विहीर इथून चाळीस पावलांवर, तिचं पाणी पट्टीच्या खाली, तेही चांगलं हातभर. आणि हिचं वर? मग तिची नजर कठड्यावर गेली. बोअरवरून आलेला काळा पाइप आत सोडलेला, तोंडाशी अजून थेंब थेंब गळत होता.

काय करावं तिनं? सासरा समोर, गाव मागे. ती सरळ उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला आणि स्पष्ट म्हणाली, "मामा, हे पाणी विहिरीचं न्हाई. बोअरचं हाय."

"काय बोलायलीस? सणासुदीचं..."

तेवढ्यात कोपीतून सासूबाईंचा आवाज आला. "रातभर रानात होते की! इचारलं तर म्हनले, कोप बांधायलोय. कोप तर गड्यानं परवाच बांधलीय!"

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग अख्खा बांध हसायला लागला. मामांचं तोंड लाल. मला वाटलं, आता भडकणार. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. ती रडायच्या बेतात होती, पण नजर खाली केली नव्हती तिनं.

"आयला," मामा म्हणाले, "आजवर माझी लबाडी बायकोशिवाय कुणी धरली न्हवती." आणि कोयता उचलून ते उसाच्या मोळीपाशी गेले. खाटकन मोळीची दोरी तोडली. "घ्या! खावा! यंदा लावायचं न्हाई तर वाळवून काय चुलीत घालायचं?"

मग काय सांगू! पोरं, म्हातारी, सरपंच, ते चौघे शेतकरी, सगळे बेण्याचा ऊस सोलत बसले. ज्यांना दातांनी नाही जमलं त्यांना मामा स्वतः कांड्या करून देत होते. "रेखे, लिव्ह वहीत," ते ओरडले, "पट्टीच्या खाली. किती खाली, ते पाणी उतरल्यावर उद्या मोज." रेखानं माझ्या हातातली वही घेऊन लिहिलं. अक्षर बघवत नव्हतं. मी आयुष्यात एवढा गोड ऊस खाल्ला नाही, आणि एवढ्या जेवणावर तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी लातूरहून परत नांदेड, बसमध्ये सगळी वाट झोप. घरी आल्यावर मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारलं, आपल्या बोअरला पाणी किती? त्यानं मोटारीचं बटण दाखवलं, दाबलं की येतं म्हणाला. आता मीटिंगमध्ये मी हा विषय काढणार आहे, लोक वैतागले तरी. एवढं तरी माझ्यात राहिलंय तिथलं.

परवा रेखाचा फोन आला. हरभरा छान आलाय. शेजारच्या गावानं तिला विहिरी मोजायला बोलावलंय. म्हणाली, "मामापण यायलेत माझ्यासंगं. मी म्हटलं, तुम्ही कशाला? तर म्हणाले, तुला पाणी मोजता येतंय पोरी, पण लोक कुठं कुठं पाइप लपवत्यात, ते माझ्याबिगर तुला कोण दाखवणार?"